रायवळ, कलम आणि कोयनेचे पाणी

‘आमची दीडशे कलमं आहेत,’ असे रत्नागिरीत कुणी म्हणाले की ऐकणारा ‘कसली?’ असे विचारत नाही. कलम म्हणजे हापूसचे झाड. बाकी सगळे रायवळ. रायवळाला मालक असतो, जात नसते. खाऊन फेकलेला बाठा पऱ्याच्या काठी कुठेतरी रुजतो, आठ-दहा वर्षांनी मोहोरतो, आणि फळ साखरेसारखे निघाले की नुसते लोणच्याच्या लायकीचे, हे तेव्हा कुठे कळते. गोड निघाले तर झाडाला नाव मिळते, शेंदऱ्या किंवा खोबऱ्या, आणि वाडीतली पोरे पहाटे त्याच्याखाली पडीचे आंबे वेचायला पळतात. आंबट निघाले तर एखाद्या वर्षी ते लाकडाला जाते.

हापूसच्या बाबतीत असला जुगार परवडत नाही. हापूसचा बाठा लावला तर त्याचे झाड हापूसच निघेल याची हमी नसते. मोहोरावर पराग कुठल्या झाडाचा आला हे माशीला माहीत. म्हणून रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधायची. खुंट रायवळाचा, वरचे सगळे हापूसचे. पोर्तुगीज काळात कधीतरी पसंत पडलेल्या एका चवीची आपण तेव्हापासून नक्कल उतरवत आलो आहोत.

कलमाने मिळालेले टिकते, रायवळात नवे निघते. ही दोन्ही कामे एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्हींवाचून बाग चालत नाही. गेल्या साठेक वर्षांत संगणकशास्त्राची एक शाखा याच ओढाताणीवर वाढली. तिचे नाव इव्होल्यूशनरी कम्प्युटिंग, मराठीत उत्क्रांतीय संगणन. तिची ओळख करून घ्यायला रत्नागिरी जिल्ह्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही, आणि त्याचे कारण एकटा आंबा नाही. दुसरे कारण पोफळीला आहे.

कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात, पण त्याच्या पाण्याची मोठी वीज तयार होते ती घाटाखाली, चिपळूण तालुक्यात. शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणतात आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह पोफळीला. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला स्फोटाने भोक पाडून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले गेले, त्या ‘लेक टॅपिंग’ची तेव्हा वर्तमानपत्रांतून खूप चर्चा झाली होती. वापरून झालेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठते, तिथून तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा टर्बाइन फिरवते आणि शेवटी वाशिष्ठी नदीला मिळते. सगळे टप्पे मिळून क्षमता साडेएकोणीसशे मेगावॅटच्या पुढे जाते.

आता या पाण्याचा हिशेब मांडून पाहा. जलाशयाची साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. पाणी येते ते मुख्यतः जून ते ऑक्टोबर. वीज मात्र बारा महिने लागते आणि उन्हाळ्यात जास्त लागते. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली. उरलेले पाणी पूर्वेकडे नदीपात्रात सोडायचे, कारण साताऱ्या-सांगलीचा शेतकरी त्याची वाट पाहत असतो. तेच पाणी पूर्वेला सोडले तर धरणाच्या पायथ्याशी थोडीशी वीज देते, पश्चिमेला सोडले तर कडा उतरताना कितीतरी पट जास्त देते. जलाशय भरलेला ठेवला तर पाण्याची उंची जास्त, म्हणून प्रत्येक घनफुटामागे वीज जास्त. पण ऑगस्टमध्ये तो काठोकाठ भरलेला असताना मोठा पाऊस आला तर दारे उघडून पाणी वाया. मग कुठल्या महिन्यात किती सोडायचे?

सगळे पर्याय तपासून पाहू म्हटले तर काय होते? पूर्व आणि पश्चिम अशा दोनच वाटा धरू. प्रत्येक वाटेला दरमहा फक्त दहा पर्याय. बारा महिन्यांचे मिळून एकावर चोवीस शून्ये इतकी वेळापत्रके होतात. संगणकाने सेकंदाला दहा लाख तपासली तरी सगळी संपवायला तीन हजार कोटी वर्षांवर लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. अर्थात गणितज्ञ इतके भोळे नसतात. असले प्रश्न सोडवायच्या जुन्या आणि चांगल्या रीती आहेत, पण वाटा, अटी आणि अनिश्चितता वाढत गेली की त्यांची दमछाक होते.

उत्क्रांतीय रीत अशी. आधी शंभर वेळापत्रके डोळे मिटून तयार करायची. प्रत्येक वेळापत्रक म्हणजे आकड्यांची एक माळ, जूनपासून मेपर्यंत. ही आपली रायवळाची पहिली पिढी. बहुतेक वाईटच निघणार. प्रत्येकाला गुण द्यायचे: वर्षभरात किती युनिट वीज निघाली. लवादाची मर्यादा ओलांडली, सिंचनाला पाणी कमी पडले, जलाशय किमान पातळीखाली गेला, तर त्याप्रमाणे गुण कापायचे. मग कोणतीही दोन वेळापत्रके उचलून त्यांची झुंज लावायची, जास्त गुणांचे जिंकले. जिंकलेल्यांची जोडी जमवायची आणि संकर करायचा: जून ते सप्टेंबर एकाचे, पुढचे महिने दुसऱ्याचे. अधूनमधून एखादा आकडा उगीचच थोडा हलवायचा, जानेवारीचे पाणी जरा वाढव, एप्रिलचे घटव. हे उत्परिवर्तन. अशी नवी शंभर झाली की जुनी टाकून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात एका संकराचे फळ चाखायला जितकी वर्षे थांबावे लागते, तितक्या पिढ्या इथे चहा निवायच्या आत होऊन जातात.

यात कलम कुठे आले? प्रत्येक पिढीतले सर्वांत चांगले एक-दोन नमुने हात न लावता जसेच्या तसे पुढे नेतात. या युक्तीला ‘एलिटिझम’ म्हणतात. मी तिला कलम बांधणे म्हणेन. ती नसेल तर संकराच्या धांदलीत हाती आलेला उत्तम नमुना हरवतो. पण कलमांचा सोस वाढला तर वेगळीच पंचाईत होते. दहा-वीस पिढ्यांत सगळी शंभर वेळापत्रके एकाच चांगल्याशा वेळापत्रकाची भावंडे होऊन बसतात, त्यांचा आपसांत संकर करून नवे काही निघत नाही, आणि खरे उत्तम उत्तर दोन डोंगर पलीकडे तसेच राहून जाते. जाणकार याला अकाली स्थिरावणे म्हणतात. मग उपाय काय, तर पुन्हा थोडे रायवळ पेरायचे.

कोयनेवर हे प्रत्यक्ष करून पाहिले गेले आहे. आयआयटी मुंबईच्या स्थापत्य विभागातले व्ही. ज्योतिप्रकाश आणि आर. अरुणकुमार यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध कोयना प्रकल्पाच्या वीजनिर्मितीवरच आहे. त्यांनी दोन उत्क्रांतीय रीती घेतल्या. एक वर सांगितलेली, जेनेटिक अल्गोरिदम. दुसरी डिफरन्शियल इव्होल्यूशन. तिच्यात दोन वेळापत्रकांमधला फरक काढून तो तिसऱ्यात मिसळतात. या दोन्हींना त्यांनी ‘केऑस’ची, म्हणजे नियमांनीच घडणाऱ्या पण अंदाज न येणाऱ्या गोंधळाची, जोड दिली. वार्षिक विजेच्या हिशेबात पुढे गेली ती केऑसची जोड दिलेली डिफरन्शियल इव्होल्यूशन. मला हा निकाल आवडतो तो त्यातल्या आकड्यांपेक्षा त्यातल्या रायवळपणासाठी: शोध वेळेआधी स्थिरावू नये म्हणून मुद्दाम ढवळाढवळ करायची, आणि तिने उत्तर सुधारायचे. अर्थात हा संगणकावरचा अभ्यास आहे, धरणाच्या दारावरची आज्ञा नव्हे.

वीज आणि सिंचन या दोन्हींना एकाच गुणपत्रिकेत कोंबणे मात्र अवघड. एक युनिट वीज बरोबर सांगलीचा किती ऊस? त्यावर तोडगा काढणाऱ्यांत सगळ्यांत गाजलेले नाव भारतीय आहे. आयआयटी कानपूरचे कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००२ साली ‘एनएसजीए-टू’ नावाची रीत प्रसिद्ध केली आणि जगभरचे अभियंते ती वापरू लागले. तिची कल्पना आंब्याच्या बाजारात समजते. स्वस्त हवा आणि गोडही हवा. एखादा आंबा दुसऱ्यापेक्षा महागही आहे आणि फिक्काही, तर तो खुशाल बाजूला टाका. त्यात वाद नाही. उरतील ते असे की जास्त गोडी हवी तर जास्त पैसे मोजावेच लागतील. तोतापुरीपासून देवगड-रत्नागिरीच्या पेटीपर्यंतची ती रांग. संगणकाने ही रांग मांडून द्यायची, एक उत्तर द्यायचे नाही. रांगेतल्या कुठल्या ठिकाणी थांबायचे ते गिऱ्हाइकाने ठरवावे, किंवा कोयनेच्या बाबतीत मंत्रालयाने.

या सगळ्याची सुरुवात मात्र पाण्यात नाही, वाऱ्यात झाली. १९६४ च्या सुमारास बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग हा तरुण अभियंता सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडून वाऱ्याच्या बोगद्यात ठेवायचा, फासे टाकावेत तसे बिजागऱ्यांचे कोन बदलायचा, आणि वाऱ्याचा रोध कमी झाला तर बदल ठेवायचा, वाढला तर परत फिरायचा. प्रत्येक बिजागरीला ५१ जागा, म्हणजे साडेचौतीस कोटी आकार. काहीशे फेऱ्यांत वेडीवाकडी पट्टी जवळपास सपाट झाली. उत्तर त्याला आधीच ठाऊक होते, सपाट पट्टीलाच रोध कमी; प्रश्न होता तो आंधळेपणाने तिथवर पोहोचता येते का, एवढाच. जनुके, संकर, लोकसंख्या ही भाषा रूढ केली ती अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांनी. त्यांचे पुस्तक १९७५ चे.

रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे वळू. समुद्रात लाटा मोजायला तरंगते बोये सोडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रत्नागिरीसमोर सुमारे १३ मीटर खोलीच्या पाण्यातही असा बोया ठेवून लाटा मोजल्या आहेत. बोये बिघडतात, जाळ्यांत सापडतात, साखळी तुटून वाहून जातात, आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे नोंद सर्वांत मोलाची असते तेव्हाच, वहीत भोके पडतात. ही भोके भरण्यासाठी आयआयटी मुंबईचे एम. सी. देव आणि त्यांचे सहकारी कालरा यांनी पश्चिम किनाऱ्याच्या नोंदींवर ‘जेनेटिक प्रोग्रामिंग’ वापरले. तो निबंध २००७ चा आहे. पुण्याच्या विश्वकर्मा माहिती तंत्रज्ञान संस्थेत श्रीनिवास लोंढे यांनीही हरवलेल्या लाटांची उंची याच मार्गाने काढून पाहिली.

जेनेटिक प्रोग्रामिंगमध्ये आकड्यांची माळ उत्क्रांत होत नाही, समीकरणच उत्क्रांत होते. समीकरण झाडासारखे मांडतात: बेचक्यांवर अधिक, उणे, गुणिले, वर्गमूळ, पानांवर शेजारच्या बोयांच्या लाटा आणि साधे आकडे. मग एका झाडाची फांदी तोडून दुसऱ्या झाडाच्या तुटलेल्या फांदीच्या जागी बसवायची. हे मी रूपक म्हणून लिहीत नाही, खरोखरच असे करतात. शेजारच्या ठिकाणांच्या लाटांवरून इथली लाट किती असेल, याचे सूत्र अशा शेकडो कलमांतून तयार होते, आणि ज्याचा अंदाज प्रत्यक्ष नोंदींच्या जवळ जातो ते टिकते. शेवटी हाती येणारे सूत्र माणसाने सहसा सुचवले नसते असे वाकडेतिकडे असते, पण ते कागदावर लिहिता येते, तपासता येते. न्यूरल नेटवर्कच्या बंद पेटीपेक्षा मला ते जास्त प्रामाणिक वाटते.

वाकडेतिकडे म्हटल्यावर नासाचा अँटेना आठवतो. ‘स्पेस टेक्नॉलॉजी ५’ या मोहिमेचे तीन छोटे उपग्रह मार्च २००६ मध्ये सोडले गेले. त्यांच्यावरचा अँटेना संगणकावर उत्क्रांत केलेला होता, आणि तो दिसायला कुणीतरी कंटाळून वाकवलेल्या कागदाच्या टाचणीसारखा होता. एखाद्या अभियंत्याने असा आराखडा वरिष्ठांपुढे ठेवला असता तर त्याला घरी पाठवले असते. जपानच्या एन-७०० या बुलेट ट्रेनचे नाकही जेनेटिक अल्गोरिदमच्या मदतीने घडवले; ती २००७ साली धावू लागली. बोगद्यात शिरताना गाडी पुढची हवा दाबते आणि तो दाब दुसऱ्या टोकाला दणका होऊन बाहेर पडतो, हे त्या नाकाला टाळायचे होते. कोकण रेल्वेने करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना ज्यांच्या कानांना दडे बसले आहेत, त्यांना या प्रश्नाची थोडी कल्पना येईल.

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत गुण मोजता येत होते: युनिट, मीटर, रोध. चित्राला गुण कसे द्यायचे? कार्ल सिम्स या अमेरिकी कलावंताने १९९७ साली टोकियोत ‘गालापागोस’ नावाचे प्रदर्शन मांडले. बारा पडद्यांवर संगणकाने घडवलेले बारा जीव हलत असत. जो आवडेल त्याच्या समोरच्या पायपट्टीवर प्रेक्षकाने उभे राहायचे. ज्यांच्यासमोर कुणी थांबले नाही ते नाहीसे होत आणि आवडलेल्यांची थोडी बदललेली पिल्ले त्या जागी येत. शेंदऱ्या-खोबऱ्याला नाव कसे मिळते आणि अनामिक आंबट झाड लाकडाला कसे जाते, तेच हे. अल बाइल्स या ट्रम्पेटवादकाने नव्वदच्या दशकात ‘जेनजॅम’ हा संगणकी जॅझवादक असाच शिकवला. तो वाजवायचा आणि ऐकणाऱ्याने चांगले-वाईट एवढीच कळ दाबायची. अडचण संगणकाची नाही, कानाची. शंभर तुकडे ऐकून झाल्यावर एकशेएकाव्याला कुणीही धड गुण देऊ शकत नाही. लग्नसराईत पाचव्या पंगतीला वाढलेल्या जिलबीसारखे ते.

ब्रिटनमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात सुरू झालेल्या ‘एव्होफिट’ने माणसाच्या याच निवडीला पोलिसी कामाला लावले. साक्षीदाराला नाक कसे, भुवया कशा असे विचारले की तो गोंधळतो. चेहरा आपण तुकड्यांनी लक्षात ठेवत नाही. त्याऐवजी त्याला चेहऱ्यांचे ताट दाखवायचे, त्यातले थोडेफार सारखे वाटणारे उचलायला सांगायचे, त्यांचा संकर करून नवे ताट. काही फेऱ्यांत ओळखीचा चेहरा वर येऊ लागतो.

गुण देण्यात चूक झाली तर मात्र उत्क्रांती तुमचा शब्द अगदी अक्षरशः पाळते. सिम्सनेच १९९४ साली संगणकात चालणारे-पोहणारे ठोकळ्यांचे प्राणी घडवले. वेगाला गुण ठेवले तेव्हा काही प्राणी चालायला शिकलेच नाहीत. ते उंच वाढले आणि धाडकन पडले. पडतानाचा वेग हाही वेगच.

हापूसची गोष्टही फार वेगळी नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या वासाला, रंगाला आणि चवीला गुण दिले आणि त्याच झाडाची कलमे बांधत राहिलो. त्या सोन्यासारख्या फळाच्या पोटात साका पडतो, म्हणजे आतला गर खराब होतो, झाड एक वर्ष भरभरून धरते आणि दुसऱ्या वर्षी रुसते, हेही त्या नकलेसोबत घरोघरी आले. दापोलीने यावर संकराचा उतारा काढला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला ‘रत्ना’ १९८१ साली प्रसारित झाला. त्यात साका पडत नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली ‘सिंधू’ आणला, त्याचा बाठा अगदी पातळ. कागदावर दोघांचेही गुण वरचढ. तरी २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते हापूसला आणि मार्चमध्ये वाशीच्या बाजारात लोक विचारतात तेही हापूसलाच. गिऱ्हाइकाच्या गुणपत्रिकेत नावालाही गुण असतात, हे प्रयोगशाळेच्या तक्त्यात कुठे बसवायचे?

कोयनेच्या तक्त्यात काय बसवायचे हा प्रश्न याहून जड आहे. वेळापत्रकांना गुण दिले जातात ते मागच्या पावसाच्या नोंदींवर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला जो पूर आला, त्यात अतिवृष्टी होती, भरती होती, आणि नंतर कोळकेवाडीच्या पाण्यावरून बरेच दिवस वादही झाला. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागले. वीज, सिंचन आणि लवादाची मर्यादा यांचे सूत्र मांडणाऱ्याने त्यात पुराची चौथी राशी घ्यायची ठरवली तर ती कशी लिहायची: बाजारपुलाजवळची पाण्याची पातळी मीटरमध्ये, बुडालेल्या दुकानांची संख्या, की जुलैतल्या त्या रात्री वरच्या मजल्यावर अडकून पडलेली माणसे? यातल्या प्रत्येक निवडीला अल्गोरिदम वेगळे वेळापत्रक काढून देईल, आणि त्यातले प्रत्येक त्याच्या हिशेबाने उत्तम असेल.